खांब कोपऱ्यात का नाहीत?

संपादक महाशय यांस,

न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीचे खांब कोपऱ्यांत नसून बाजूंच्या मध्यभागी आहेत, हा वास्तुशिल्पकाराचा निव्वळ शौक होय, असा जो शेरा आपल्या गतांकातील पत्रलेखकांनी मारला आहे, तो वस्तुस्थितीस सोडून आहे. त्या भूखंडाचा एक कोपरा सेंट पीटर्स या लूथरपंथी चर्चच्या मालकीचा होता, आणि जागा देताना त्या मंडळींनी त्याच कोपऱ्यावर मनोऱ्याहून अलग असे नवे चर्च बांधून देण्याची अट घातल्यामुळे, अभियंता विल्यम लमेझर यांस 59 मजल्यांचा भार सुमारे 9 मजले उंचीच्या त्या पायांवर तोलून धरणे भाग पडले. खोड काढावयाचीच तर पोलादी सांगाड्याच्या सांध्यांची काढावी! मूळ योजनेत वेल्डिंग होते, प्रत्यक्षात बोल्ट वापरले गेले, आणि 1977 साली इमारत खुली झाल्यावर तिरकस वाऱ्याचा हिशेब फिरून मांडता ते अपुरे ठरले. मग 1978 मध्ये, कारकूनमंडळी घरी गेल्यावर, रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत, सांध्यांवर दोन इंच जाडीचे पोलादी तक्ते वेल्डिंगने जोडले जात, आणि कचेरी भरण्यापूर्वी सारी झाडलोट उरकली जाई. ही हकीकत 1995 पर्यंत जनतेस कळली नाही. खांबांवर अर्धा स्तंभ खर्चणाऱ्या पत्रलेखकांनीही तिच्याविषयी अवाक्षर काढू नये, याचे नवल वाटते.

आपला नम्र,
एक वाचक