नकुशी : हे नाव कोणाचे पाप?

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती बाया जमतात, घुगऱ्या वाटल्या जातात आणि आत्याबाई लेकराच्या कानात नाव सांगते. मायबापांनी लेकराला दिलेले हे पहिले लेणे होय. बाकीची लेणी चोर नेईल, सावकार नेईल. नाव मात्र मसणवटीपर्यंत सोबत येते. आमच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कुणबी, माळी, धनगर, सुतार, कुंभार अशा कष्टकरी घरांत याच पाळण्याशी कित्येक पिढ्या एक नाव सांगितले गेले. ते नाव म्हणजे नकुशी. आणि सांगणारी कोण? आत्याबाई! म्हणजे त्याच घरात लेक म्हणून जन्मलेली बाई भाचीच्या कानात सांगते, की तू आम्हांस नको होतीस!

या शब्दाचे मूळ शोधण्यास कोशाची गरज नाही. ‘नको’ यावरून नकोसा आणि नकोशी; खेड्याच्या तोंडी त्याचेच नकुसा, नकुशी, नकुबाई झाले. दोन-तीन मुलींच्या पाठीवर आणखी मुलगी झाली की हे नाव ठेवावयाचे. त्यामागची समजूत अशी, की देवाला एकदा उघड ‘नको’ म्हणून सांगितले, की पुढच्या खेपेस तो मुलगा धाडील. म्हणजे हे नाव नव्हेच. हा देवाकडे केलेला अर्ज आहे. अर्ज बापाचा, आणि तो कपाळी चिकटवून जन्मभर हिंडावयाचे मात्र मुलीने!

कोणी म्हणतील, आमच्यांत दगडू, धोंडू, केरबा अशी ओबडधोबड नावेही आहेतच. मग नकुशीचेच एवढे स्तोम कशाला? वाचकहो, येथेच खरी मेख आहे. ज्या घरी मुले जगत नसत, त्या घरी मुलाला दगडू म्हणत. हेतू हा, की मृत्यूने त्याला दगड समजून सोडून द्यावे आणि पोर जगावे. नाव वाईट, पण मन मायेचे. नकुशीचे नेमके उलटे आहे. येथे नावही वाईट आणि मनही फिरलेले. दगडू हे नाव लेकरू राहावे म्हणून ठेवले. नकुशी हे नाव लेक आली म्हणून ठेवले. दोहोंना एका मापाने मोजणे म्हणजे ढाल आणि तलवार एकच म्हणण्यासारखे आहे.

सटवाईने कपाळी काय लिहिले ते आजवर कोणी वाचले नाही. नकुशी हे मात्र बापाने लिहिले आणि गुरुजींनी रोज हजेरीत मोठ्याने वाचले. पुढे लग्न झाले की सासरी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहावयाचे आणि नकुशीची लक्ष्मी करावयाची! माहेराने ‘नको’ म्हटले, सासरने ते पुसले. बाई, तुला काय नाव हवे, असे मात्र तीस कोणी पुसले नाही.

हा रोग केवळ आमचाच नव्हे. हरियाणात मुलींची नावे भतेरी, काफी अशी आढळतात. अर्थ हा, की पुष्कळ झाल्या, आता पुरे. तमिळ मुलखात ‘वेंडाम’, म्हणजे नको, असे नाव ठेवीत आले. चीन देशात ‘धाकटा भाऊ घेऊन ये’ अशा अर्थाची नावे मुलींना दिली गेली. भाषा निराळी, देव निराळे, पण बापाचा अर्ज एकच. म्हणून हे आमच्याच मातीचे खास दैव आहे, असे म्हणून कोणी हात झटकू नयेत.

बरे, ज्या गोष्टीचा दोष लेकीच्या आणि तिच्या आईच्या माथी मारतात, तो दोष तरी त्यांचा आहे काय? मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते. आईच्या ठिकाणी त्याची निवड नाही, हे शास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावयास नको. पेरले तेच उगवते. ज्वारी पेरून बाजरी उगवली नाही म्हणून रानाला शिव्या देणाऱ्यास गाव वेडा म्हणेल. पण मुली होतात म्हणून बायकोस माहेरी धाडणारा मात्र शहाणा ठरतो!

मग मुलाचा हा हव्यास आला कोठून? एक मूळ पोथीत आहे. पुत्र हा ‘पुं’ नावाच्या नरकातून बापाला तारतो, अशी व्युत्पत्ती मनुस्मृतीने सांगितली आणि पिंडाच्या दक्षिणेवर जगणाऱ्यांनी ती घरोघर पोचविली. या भीतीला उत्तर आमच्याच माणसांनी देऊन ठेवले आहे. जोतीराव फुले यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, आणि सावित्रीबाई नायगावच्या. तेही आज सातारा जिल्ह्यातच आहे. त्यांना पोटचे अपत्य नव्हते. त्यांनी यशवंतास दत्तक घेतले. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत हाती टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. बाईने टिटवे धरले म्हणून आकाश कोसळले नाही. ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, त्यांची ही एक कृती ध्यानी धरली तरी निम्म्या नकुशींचे कारण नाहीसे होते.

परंतु सगळे खापर पोथीवर फोडून आपण मोकळे होऊ म्हणाल, तर ते आम्हांस मान्य नाही. दुसरे मूळ आपल्या बांधावर आहे. लेक म्हणजे परक्याचे धन. ती जाताना हुंडा नेणार, मुलगा मात्र रान राखणार, असा हा हिशेब. कायद्याने हा हिशेब केव्हाच मोडला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली वडिलार्जित मिळकतीत लेकीस लेकाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण बाप गेला की भाऊ बहिणीस जेवावयास बोलावतो, साडीचोळी करतो आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतो. एका लुगड्यास एकराचा मोबदला! सातबाऱ्यावरून लेकीचे नाव खोडणे आणि पाळण्यात तीस नकुशी म्हणणे, ही एकाच हाताची दोन कामे होत.

ता. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक स्तुत्य गोष्ट घडली. जिल्ह्यातील २८५ नकुशींना सरकारी अधिकाऱ्यांच्या हस्ते नव्या नावांचे दाखले देण्यात आले. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. ज्या मुलींनी आपले नाव स्वतः निवडले, त्यांना पहिल्यानेच कोणी ‘तुला काय हवे’ असे विचारले. या कामाबद्दल जे झटले त्यांचे आम्ही अभिनंदन करतो.

मात्र नकुशी नावाच्या मुली कमी झाल्या म्हणजे नकोपणा कमी झाला, असे मानणे हा भोळेपणा होईल. निसर्गतः हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्मास येतात. २००१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ९१३. २०११ साली त्या ८९४ वर आल्या. ऊस, द्राक्षे आणि दूध यांनी भरलेल्या सांगली जिल्ह्यात तर २००१ सालीच हा आकडा ८५१ होता. पैसा वाढला आणि लेकी घटल्या! मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ गावी ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. गर्भपातात एक बाई दगावली म्हणून हे उघडकीस आले. वाचकहो, त्यांना नकुशी हे नावसुद्धा मिळाले नाही. नकुशीला निदान पाळणा मिळाला होता. जुना बाप देवाकडे अर्ज करीत होता; नवा बाप यंत्रवाल्याकडे जातो आणि अर्ज हातोहात मंजूर करून आणतो. गर्भलिंग तपासण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली, देशात प्रथम, कायदा केला. १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला. तपासणे गुन्हा, तपासून मागणेही गुन्हा. पण ज्या गावात सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही, तेथे कायदा करील काय?

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. ज्या घरी नकुशी आहे, तिला आधी विचारा की बाई, तुला कोणते नाव आवडते. मग राजपत्रात जाहिरात देऊन शाळेच्या व सरकारी कागदांवर तेच चढवा. एखादी म्हातारी नकुबाई तेच नाव अभिमानाने मिरवीत असेल तर तिला हसू नका. ज्या नावाने हाक मारली त्या नावानेच तिने साठ वर्षे तुमची भाकरी थापली आहे. वारस लावताना लेकीचे नाव तलाठ्याकडे पहिल्याच दिवशी द्या आणि भाऊबिजेच्या ओवाळणीत हक्कसोडीचा कागद घालू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्रात झाला आहे. आईचे नाव कागदावर आले. आता लेकीचे नाव सातबाऱ्यावर येऊ द्या.

आणि आत्याबाईंनो, शेवटचा शब्द तुमच्याकडे. कान लेकराचा असला तरी तोंड तुमचे आहे. नकुशी हे नाव पुन्हा कोणी सुचविले, तर भरल्या बारशात उठून सांगा : हे नाव मी घेणार नाही. दादा, तुला नको असेल. मला ही भाची हवी आहे.