सात दिवसांची नोंद

महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठीचा संप 14 मार्च 2023 ला सुरू झाला आणि 20 मार्चला मिटला. भांडण मात्र सेवापुस्तकात शिरले: त्या सात दिवसांपुढे लिहायचे काय? सरकारने आधी असाधारण रजा ठरवली. म्हणजे सेवा तुटली नाही, पण पगार गेला. संघटना साहजिकच बिथरल्या.

रजेचे भांडण संपापुरते नाही. राज्याच्या नागरी सेवेच्या 1981 च्या रजा नियमांत रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे स्पष्ट आहे. जानेवारीत आणि जुलैत पंधरा-पंधरा दिवस अर्जित रजा खात्यावर पडते, ती घ्यायची मात्र साहेबांच्या मर्जीने. कृष्णेला पूर आला की सांगलीत रजा रद्द होतात, त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. कुरकुर असते ती कारण न देता महिनोन् महिने पडून राहिलेल्या अर्जाबद्दल.

दाद मागायची तर साताऱ्याच्या तलाठ्याला मुंबईचे ‘मॅट’ (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण). शेजारच्या जिल्हा परिषद शिक्षकाला तेही दार बंद, त्याने उच्च न्यायालयातच जायचे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला त्या न्यायालयाचे सर्किट बेंच बसते, एवढाच दिलासा. (चार दिवसांच्या रजेसाठी वकील लावणारा महाभाग विरळाच!)

आमचे म्हणणे साधे आहे. रजा नाकारली तर ठरलेल्या मुदतीत लेखी कारण द्या. प्रलंबित अर्जांची यादी दरमहा संघटनेच्या प्रतिनिधींसमोर ठेवा. आणि संघटनांनीही ऐन मार्चअखेरीस सामूहिक रजेचे हत्यार उपसण्याआधी ती यादी वाचावी.