नोटेच्या मागच्या बाजूला

गेल्या महिन्यात ठाण्याला मामेबहिणीचं लग्न होतं. घरातून निघायच्या दहा मिनिटं आधी जे नेहमी होतं तेच झालं. पाकीट आहे, पाचशेची नोट आहे, वरचा एक रुपया नाही. आईने देवघराच्या ड्रॉवरमधून एक रुपयाची कोरी करकरीत नोट काढून दिली. मी ती पाकिटात सारणार, तेवढ्यात माझा मावसभाऊ म्हणाला, "थांब. न बघता सांग, ह्या नोटेच्या मागे काय छापलंय?"

मी मास कम्युनिकेशन केलंय, जनरल नॉलेजवर पोट भरते. तरी विकेट पडली. उलटून बघितलं तर समुद्रात खांबांवर उभं असलेलं काहीतरी. "कारखाना?" मी म्हटलं.

"सागर सम्राट," दादा म्हणाला. "तुमच्या मुंबईला तेल शोधून दिलं त्याने, आणि तुम्ही त्याला पाकिटात कोंबता."

तर मंडळी, या पानावर मी एरवी ब्रेकअप, बॉस आणि भाड्याचे फ्लॅट यांच्याबद्दल लिहिते. आज विषय आहे गंज. पान उलटू नका, यात प्रेमप्रकरणापेक्षा जास्त ड्रामा आहे.

आधी थोडी हिस्टरी. सागर सम्राट हे जपानमध्ये बांधलेलं, ओएनजीसीचं ड्रिलिंगचं जहाज. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याला तेल लागलं. तेच बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय. १९७६ मध्ये तिथून तेल यायला लागलं आणि सरकारने हे जहाज थेट नोटेवर नेऊन बसवलं. मध्यंतरी १९९४ मध्ये एक रुपयाची नोट छापणं बंद झालं, २०१५ मध्ये परत सुरू झालं, तरी मागचं चित्र कायम राहिलं.

आता दादाबद्दल. मावशी लग्नाच्या स्थळांना सांगते, "आमचा मुलगा ऑइल लाइनमध्ये आहे." दादा स्वतः सांगतो, "मी गंज बघतो." चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. त्याने मेटलर्जी केली तेव्हा वर्गातली अर्धी मुलं कॅम्पसमधूनच आयटीत गेली. हा मात्र धातूला चिकटून राहिला. दोन स्थळं "समुद्रात राहतो" म्हणून फिरली, तिसऱ्या मुलीने विचारलं, "म्हणजे नक्की करता काय?" त्याने तिला पाऊण तास उत्तर दिलं. ते स्थळही फिरलं. त्या दिवशी रिसेप्शनच्या लायनीत तेच उत्तर मी ऐकलं, आणि खरं सांगते, ती मुलगी चुकली.

पहिला फंडा. समुद्रात उभ्या असलेल्या खांबाला सगळ्यात जास्त गंज कुठे लागतो? मला वाटलं, खोल पाण्यात. चूक. जिथे लाट येते आणि जाते, त्या पट्ट्यात. खाली पाणी आहे पण ऑक्सिजन कमी, वर ऑक्सिजन आहे पण पाणी कमी. मधल्या पट्ट्यात दोन्ही भरपूर, आणि वर मीठ. आपल्या चाळीतल्या बाथरूमच्या दाराची पण तळाची कडीच आधी सडते, तसंच.

दुसरा फंडा जास्त भारी. खांब वाचवायला त्यावर झिंक नाहीतर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे मोठे ठोकळे लावतात. हे धातू लोखंडापेक्षा आधी झिजतात, आणि ते झिजत असेपर्यंत लोखंड शाबूत. घरात एक जण सगळ्यांचं बोलणं खातो आणि बाकीचे निवांत जेवतात, अगदी तसं. ही आयडिया २०० वर्षं जुनी आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने नौदलाच्या लाकडी जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा असाच वाचवला, लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून. प्रयोग यशस्वी! पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषानेच शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव लांब राहत होते. तांबं झिजायचं थांबलं, तशी सगळी जत्रा जहाजाला चिकटली आणि जहाजाचा वेग पडला. नौदलाने नाद सोडला. आज जगभरच्या समुद्रातल्या पाइपलाइन त्याच तत्त्वावर जगतात.

आता व्हिलन. तेलाबरोबर कधीकधी हायड्रोजन सल्फाइड येतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. प्रमाण वाढलं की तो आधी नाकच बधिर करतो, म्हणजे वास थांबला याचा अर्थ धोका टळला असा नाही. माणसाला जसा मारतो तसाच तो स्टीललाही मारतो. ओलाव्यात लोखंडाशी त्याची प्रक्रिया होते, हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात, आणि इतके बारीक असल्यामुळे ते सरळ स्टीलच्या आत शिरतात. बाहेरून पाइप चकाचक, आत तडा. गंमत म्हणजे स्टील जितकं कडक, तितकं ते यापुढे लवकर तडकतं. म्हणून अशा गॅससाठी वापरायच्या साध्या स्टीलच्या कडकपणावर चक्क वरची मर्यादा आहे. रॉकवेल नावाच्या मोजमापात २२, त्यापुढे नाही. मजबूत हवं तर थोडं नरम राहा. (अप्रेझलच्या सीझनमध्ये हे वाक्य मी डेस्कवर चिकटवणार आहे.)

हे सगळं पुस्तकी वाटतंय? कझाकस्तानचं काशागान बघा. जगातल्या सगळ्यात महागड्या तेलप्रकल्पांपैकी एक. सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांत बंद पडलं. कारण तेच, पाइपलाइनला याच गॅसमुळे गेलेले तडे. तेलाची आणि गॅसची, दोन्ही लाइन बदलाव्या लागल्या, आणि उत्पादन परत सुरू व्हायला २०१६ उजाडलं.

"मग रिसर्च म्हणजे नक्की काय करतात?" मी विचारलं.

"वाट बघतात," दादा म्हणाला. स्टीलचा नमुना ताणून या गॅसच्या पाण्यात बुडवायचा आणि ७२० तास ठेवायचा. म्हणजे ३० दिवस. तुटला तर नापास, टिकला तर पास. दुसरीकडे चालू पाइपमध्ये वजन केलेल्या छोट्या पट्ट्या सोडायच्या, काही महिन्यांनी काढायच्या आणि परत वजन करायचं. जेवढं घटलं तेवढा गंज. या पट्ट्यांना म्हणतात कूपन. आपल्याला कूपन म्हटलं की डिस्काउंट आठवतो, याला झीज. पनवेलला ओएनजीसीच्या यासंबंधी काम करणाऱ्या संस्था आहेत. पुण्याला जाताना आपण त्याच गावावरून वडापाव खात पुढे जातो.

एवढं ३० दिवस वाट बघण्यासारखं काय असतं, असं मी म्हटलं, तेव्हा दादाने ६ मिलिमीटरची गोष्ट सांगितली. २७ मार्च १९८०, उत्तर समुद्र. अलेक्झांडर किलँड नावाचा नॉर्वेचा तरंगता प्लॅटफॉर्म, कामगारांच्या राहण्यासाठी वापरलेला. वादळात त्याचा एक पाय निखळला आणि थोड्या वेळात सगळा उलटला. २१२ माणसं होती, १२३ गेली. चौकशीत मूळ सापडलं ते एका छोट्या उपकरणाचा आधार आडव्या नळीला जोडणाऱ्या ६ मिलिमीटरच्या वेल्डिंगमध्ये. तिथे तडा होता. आणि त्या तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे प्लॅटफॉर्म रंगवला तेव्हाच तो तडा तिथे होता. कुणीतरी त्यावरून ब्रश फिरवून पुढे गेलं होतं.

हे ऐकून मी गप्प झाले. दादा पण. कारण आमच्या घरात एक तारीख आहे.

२६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेल. मी तिसरीत होते, शाळेतच अडकले होते. मुंबईतल्या प्रत्येकाकडे त्या रात्रीची एक स्टोरी आहे, काकांकडे नाही. काका, म्हणजे दादाचे बाबा, त्या दिवशी जुहूहून हेलिकॉप्टरने मुंबई हाय नॉर्थला ड्युटीवर जाणार होते. पावसाने उड्डाण रद्द झालं, ते अंधेरीत मित्राकडे अडकले. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, एका सपोर्ट जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर पोचवल्यानंतर खवळलेल्या समुद्रात ते जहाज प्लॅटफॉर्मला, गॅस वर आणणाऱ्या उभ्या पाइपला धडकलं. गॅस पेटला. सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म समुद्रात. ३६२ लोकांना वाचवलं, २२ परत आले नाहीत. मुंबई अजून पाण्यात होती, टीव्हीवर तिचीच दृश्यं, ही बातमी त्यात बुडून गेली.

काकांच्या जागी ज्यांना ड्युटी पुढे ओढावी लागली होती, ते वाचले. पाण्यातून बाहेर काढलं त्यांना. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो, आणि काका तो गॅलरीत जाऊन घेतात. दादा तेव्हा दहावीत होता.

"ती तर टक्कर होती," मी दादाला म्हटलं. "त्यात धातूचा काय दोष?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "टक्कर मी थांबवू शकत नाही. तडा शोधू शकतो. तेवढं करतो." आणि मग एकदम, "चल, आइस्क्रीमच्या काउंटरला गर्दी व्हायच्या आत जाऊ."

मुंबई हायचे कितीतरी प्लॅटफॉर्म २५ वर्षांच्या हिशेबाने बांधले होते. ती २५ वर्षं कधीच उलटली, ते अजून उभे आहेत. कुणीतरी कूपनं तोलतंय, ठोकळे बदलतंय, वेल्डिंगवर टॉर्च मारतंय म्हणून. आपली बाइक सकाळी स्टार्ट होते तेव्हा यातलं कुणीच आपल्याला आठवत नाही. आठवू नये, हेच त्यांच्या कामाचं यश असावं.

ती नोट मी पाकिटात घातली नाही. काउंटरवरून एक रुपयाचं नाणं मागून घेतलं. नोट माझ्या पर्समध्ये आहे, उलटी बाजू वर करून.

आणि हो, दादाचं अजून जमलेलं नाही. पाऊण तास ऐकून घेणारी कुणी असेल तर कळवा. तो पुढच्या सोमवारी परत समुद्रात जातोय, चौदा दिवसांनी येईल.