पट्टी किलोवर घेता, पण वापरता मीटरवर

गेल्या काही बॅचमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, खोक्याला पट्टी मारायचं कोणतं मशीन घेऊ?" मी उलटा प्रश्न विचारतो, दिवसाला खोके किती निघतात? उत्तर येतं, दहा-पंधरा. कधी वीस.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दिवसाला पन्नासच्या आत खोके असतील तर मशीन घेऊ नका. दुकानदार काहीही म्हणू दे, भाऊजी काहीही म्हणू देत. मुद्रा योजनेच्या शिशु गटात कर्जाची मर्यादा 50,000 रुपये आहे. त्यातले समजा 25,000 तुम्ही पट्टीच्या मशीनला घातले, तर माल घ्यायला उरलं काय? मशीन चकाचक आणि कच्चा माल उधारीवर, अशी सुरुवात झालेले दोन-तीन जण मी जवळून पाहिलेत. त्यांचं मशीन आता कपड्याखाली झाकून ठेवलेलं आहे.

त्याऐवजी हाताची अवजारं घ्या. टेन्शनर म्हणजे पट्टी ताणणारं, सीलर म्हणजे क्लिप दाबणारा पक्कड, आणि क्लिपांचं एक पाकीट. एका पट्टीला सवय झाल्यावर मिनिटभर लागतं. वीस खोके, प्रत्येकाला दोन पट्ट्या, म्हणजे चाळीस मिनिटं. मशीनवर तेच पंधरा मिनिटांत होईल. वाचलेल्या पंचवीस मिनिटांत तुम्ही 25,000 रुपयांचं काय करणार आहात, हा हिशोब स्वतःशी प्रामाणिकपणे करा. वीज गेली तरी हाताचं अवजार चालतं, हा फायदा वेगळाच.

आता पट्टीकडे या, कारण खरा पैसा तिथे जातो.

बाजारात प्लास्टिकची पट्टी किलोवर मिळते. एक दुकानदार 120 सांगतो, शेजारचा 100 सांगतो. आपण खूश होऊन 100 वाली उचलतो. थांबा जरा. तुमच्या खोक्याला किलो लागत नाही, मीटर लागतो. आपण नेहमी वापरतो ती पीपीची पट्टी 12 मिमी रुंद आणि 0.6 मिमी जाड धरा. शुद्ध पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, एक घन सेंटिमीटरला साधारण 0.9 ग्रॅम. म्हणजे एक मीटर पट्टी साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरते आणि किलोत साधारण 150 मीटर मिळते. स्वस्त पट्टीत खडूसारखी पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेली असते. ती प्लास्टिकच्या तिप्पट जड. किलोमागे पाव किलो पूड असेल तर त्याच मापाची पट्टी किलोत साधारण 125 मीटरच भरते.

आता भागाकार करा. 120 भागिले 150, मीटरला 80 पैसे. 100 भागिले 125, मीटरला 80 पैसेच! वाचवले किती? शून्य. वर ही पट्टी ताणताना तुटते, कडेने चिरते, आणि उद्या मशीन घेतलंत तर त्यात पांढरी भुकटी साचवते ते वेगळं.

ओळखायचं कसं? पट्टीचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाका. पट्टीवरच्या नक्षीत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून बोटांनी चोळून पाण्याखाली दाबा आणि सोडा. पीपी म्हणून विकलेली पट्टी तळाला गेली तर त्यात पूड भरपूर आहे. तरंगली म्हणजे अगदी शुद्ध, असं मात्र नाही. थोडी भेसळ असूनही ती तरंगू शकते. म्हणून तुकडा हातात घेऊन दोन-चार वेळा दुमडूनही बघा, पांढरी पडून चिरते का ते. आणि रोलचं वजन आतल्या पुठ्ठ्याच्या नळीसकट आहे की नळी वगळून, हे बिल करायच्या आधी विचारा. नंतर विचारलंत तर तो हसतो फक्त.

बरं, पट्टी मारायची कशासाठी? बरेच जण म्हणतील, खोका बंद राहावा म्हणून. खोका बंद ठेवायचं काम टेपचं आहे. पट्टीचं काम माल एकत्र धरून ठेवायचं, खालचा तळ फुटू न द्यायचं. आणि आपल्याकडे एक तिसरं काम आहे जे कुठल्याच कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं. आपला हमाल खोका पट्टीला धरून उचलतो. ट्रान्सपोर्टच्या गोदामात तासभर उभे राहा, एसटीच्या पार्सल खिडकीपाशी बघा. पट्टी म्हणजे त्यांच्यासाठी हँडल. "पट्टीला धरू नका" असं खोक्यावर कितीही मोठ्या अक्षरात छापा, संध्याकाळी सहा वाजता गाडी भरताना ते कोणी वाचत नाही. तो दिवसभर शेकडो खोके उचलतो, त्याला बोटं अडकवायला जागा हवीच.

म्हणून लोणच्याच्या काचेच्या बरण्यांचा पंधरा किलोचा खोका असेल तर एक पट्टी मधोमध मारून पाठवू नका. एका पट्टीवर उचलला की खोका कलतो, सगळं वजन एका रेषेवर येतं आणि पुठ्ठा तिथे फाटतो. दोन समांतर पट्ट्या मारा, दोन्ही बाजूंपासून थोड्या आत. खोका जड असेल तर आडवी एक. आणि पट्टी इतकी ताणू नका की पुठ्ठ्याची कड आत दबेल. थप्पी लागते तेव्हा वरच्या खोक्यांचं वजन खालच्या खोक्याच्या उभ्या कोपऱ्यांवर आणि कडांवर येतं. त्या कडा तुम्हीच दाबून मऊ केल्यात तर पाच पदरी खोका घेऊनही उपयोग नाही. नाशिकहून द्राक्षांची पॅलेट निर्यातीला जाते तेव्हा पट्टीखाली चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या काटकोनी पट्ट्या लावतात, ते याचसाठी. तुम्ही जुन्या खोक्याचा जाड तुकडा दुमडून कडेला ठेवलात तरी चालतं.

मसाले, पापड, कपडे, स्टेशनरी अशा मालाला पीपी पुरते. रोल मात्र गच्चीवर उन्हात ठेवू नका, उन्हाने पीपी ठिसूळ होते. पीपी ताणली की लांबते आणि दिवस जातील तशी ढिली पडते. टाइल्स, विटा, लाकडाच्या फळ्या, दाबून बांधलेल्या गठ्ठ्या असा माल असेल तर पेटची पट्टी घ्या, ती बहुतेकदा हिरवी दिसते. तिचा ताण जास्त दिवस टिकतो. आणि हो, पाण्याची परीक्षा पेटला लावू नका, पेट मुळातच पाण्यात बुडते.

लोखंडी पट्टी. छोट्या उद्योजकाला ती फार क्वचित लागते, पाइप किंवा धातूचे जड भाग असतील तरच. पण "मजबूत दिसते" म्हणून ती घेणारे आहेत. ती गंजते, माल चिरते, आणि कापताना ताणलेलं टोक चाबकासारखं उसळतं. पॅकिंगला आपल्याकडे बहुधा एखादी ताई किंवा नुकता बारावी झालेला मुलगा असतो. त्यांच्या डोळ्याला लागलं तर कोणत्या हिशोबात धरणार? लोखंडी पट्टी घ्यायचीच असेल तर चष्मा, हातमोजे आणि पट्टी कापायची खास कात्री त्याच बिलात घ्या. छिन्नी-हातोडीने कापू देऊ नका. कापणाऱ्याने बाजूला उभं राहायचं आणि समोर कोणीही नको.

आता मशीन कधी? रोजचे शंभर खोके सलग दोन-तीन महिने निघताहेत आणि पॅकिंगमुळे गाडी थांबते आहे, असं दिसलं की घ्या. तेव्हा क्लिपांचा खर्चही वाचतो, कारण मशीन पट्टीची टोकं गरम करून चिकटवतं. घेण्याआधी तुमचा स्वतःचा खोका आणि तुमचा रोल घेऊन दुकानात जा आणि समोर वीस पट्ट्या मारून बघा. हाताने मारायची पट्टी बरेचदा मशीनमध्ये नीट सरकत नाही, तिला सरळ, एकसारखी पट्टी लागते. रोलच्या नळीचं मापही बसायला हवं. हीटर बिघडला तर दुरुस्तीला माणूस कुठून येतो, हे विचारा. तो दोनशे किलोमीटरवरून येणार असेल, तर हाताचं टेन्शनर विकू नका.