इंजिनाची प्रतिकृती आणि आमचे परीक्षण

गतवर्षी शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा मान आम्हांस मिळाला. त्या मानास आम्ही पात्र नव्हतो, हे कबूल करण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

प्रदर्शनात डिझेल इंजिनाच्या दोन प्रतिकृती होत्या. एक बाजारातून आणलेली, निळ्या रंगाने झळकणारी. दुसरी पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि तांब्याची तार यांतून घडविलेली. रंग मळकट, धुराड्याभोवती काजळी, आणि चाकांची मांडणी तर उघड उघड वाकडी. तीन-तीन चाकांच्या दोन्ही चौकटींत मधले चाक मध्यभागी नव्हतेच! ‘मापात चूक’ असा शेरा मारून आम्ही त्या मुलाचे गुण कापले आणि पहिला क्रमांक झळकणाऱ्या इंजिनास दिला.

बक्षीससमारंभ आटोपल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, ते चाक तसंच असतं.” सुटीत तो वाडी जंक्शनला मामांकडे जातो. तेथे मालडबे ढकलणाऱ्या इंजिनासमोर बसून त्याने वहीत आकृती काढली होती. आम्ही ती वही घरी नेली, चार पुस्तके चाळली आणि खजील झालो.

‘डब्ल्यूडीएम-२’ या जातीच्या इंजिनाचा मूळ आराखडा अमेरिकेतील आल्को कंपनीचा. पहिली इंजिने १९६२ मध्ये तिकडून आली; १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. १९९८ पर्यंत अशी अडीच हजारांवर इंजिने देशात झाली. नाव डिझेलचे असले तरी चाके फिरवते ती वीज. सोळा सिलिंडरांचे यंत्र जनित्र फिरविते, जनित्राची वीज आसांना जोडलेल्या मोटरींकडे जाते. या मोटरींना आणि वरचा भार पेलणाऱ्या मधल्या टेकूला जागा मिळावी म्हणून मधला आस एका बाजूस सरकविलेला असतो. आम्ही शेकडो वेळा या इंजिनाच्या मागे बसून प्रवास केला. परंतु त्याच्या चाकांकडे एकदाही पाहिले नाही. त्या मुलाने पाहिले होते.

प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात १:८७ हे माप फार प्रचलित आहे. सतरा मीटरांचे आपले इंजिन त्या मापात वीस सेंटिमीटरांहून किंचित कमी भरते. येथे एक मौजेची अडचण उद्भवते. भारतातील रुंदमापी रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. त्याचे १:८७ माप सव्वाएकोणीस मिलिमीटर होते. बाजारात मिळणारे रूळ मात्र परदेशी मापाचे, साडेसोळा मिलिमीटरांचे. म्हणून विकतच्या सांगाड्यावर आपले इंजिन उभे करू जावे तर धिप्पाड माणसाने पाय जवळ घेऊन उभे राहावे तसे ते दिसते! जाणकार छांदिष्ट परदेशी इंजिनाचा जुना रंग उतरवितात, कवच कापून नव्याने जोडतात, तारेचे कठडे लावतात, जाळ्या बसवितात, आणि शेवटी त्यावर धूळ, गंज व तेलाचे ओघळ रंगवितात. पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुले आहे. पालकांनी मुलांस एकदा तेथे अवश्य न्यावे. एकेका रिबिटासाठी महिनोन्‌महिने झुरणारेही या छंदात असतात. त्यांचे आम्हांस तितकेसे कौतुक नाही.

“याने परीक्षेत गुण वाढतील काय?” असे एका पालकांनी आम्हांस विचारले. बहुधा वाढणार नाहीत. खोटे कशास सांगावे? परंतु भागाकार, प्रमाण आणि भूमितीतील आकृती त्या मुलाने स्वतःच्या गरजेपोटी केल्या. आमच्या वर्गात तोच मुलगा प्रमाणाचे गणित पाहून जांभई देतो, हा आमच्या शिकवण्यावरील अभिप्राय आम्ही मुकाट्याने स्वीकारतो.

शिवाय हे कौशल्य आपल्या मातीस परके नाही. बिदरचा बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या काळ्या पृष्ठावर चांदीची तार बसवितो, तेव्हा तो केसाएवढे अंतरही नजरेआड करीत नाही. ज्यांच्या शेजारी अशी नजर शतकानुशतके नांदत आली, त्यांनी मुलास तयार खेळणे आणून देऊन स्वस्थ बसावे, हे आम्हांस पटत नाही.

आणि वेळही थोडा आहे. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यावर डिझेलवर धावणारी गाडी आली. परंतु देशातील रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण बहुतांशी पूर्ण झाले असून जुनी डिझेल इंजिने एकामागून एक मोडीत निघत आहेत. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातूनही २०२० मध्ये ‘डिझेल’ हा शब्द गेला. इंजिन डोळ्यांनी पाहून आकृती काढणारी बहुधा हीच शेवटची पिढी.

म्हणून पुढील प्रदर्शनासाठी आम्ही मुख्याध्यापकांस एक विनंती केली आहे: प्रतिकृतीबरोबर मुलाने स्वतः काढलेली आकृती व मापांची वही ठेवावी, आणि परीक्षकांनी वही आधी वाचावी. पुठ्ठ्याचे ते इंजिन सध्या विज्ञानखोलीच्या कपाटात आहे. त्यावरील आमचा शेरा आम्ही खोडला असून खाली सही केली आहे.