रुंद चाक आणि अरुंद कायदा

जुन्या बुलेटला मागे रुंद चाक बसवण्याची हौस हा साप्ताहिकाच्या मतपानाचा विषय आहे काय, असे काही वाचक विचारतील. ही केवळ श्रीमंतांची हौस असती तर तो आक्षेप रास्त ठरला असता. पण आज तालुक्याच्या गावातला तरुण जुनी गाडी विकत घेऊन तिला असे चाक बसवून घेतो, आणि ते चाक बांधून देणाऱ्या मिस्त्रीचे पोट त्याच्या हातातील कसबावर असते. या दोघांना कायद्याने कोठे उभे केले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम हौसेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या बुलेटचे चाक १९ इंची, टायर सव्वातीन इंची, म्हणजे सुमारे ८२ मिलिमीटर रुंद. रिम दोन इंचांहूनही कमी. त्या जागी १३० मिलिमीटरचा टायर घालायचा तर रिम सुमारे तीन इंची लागते आणि जुन्या हबवर आरे नव्याने ओवावे लागतात. टायर दोन्ही बाजूंना जवळजवळ २४ मिलिमीटर फुगतो. एका अंगाला तो चेनला घासू लागतो, दुसऱ्या अंगाला स्विंग आर्मला. मग घाईतला मिस्त्री चाक थोडे एका बाजूला सरकवतो. पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत राहत नाही आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. चांगला मिस्त्री तसे करीत नाही. तो स्प्रॉकेट बाहेर घेतो, दोरी लावून चाकांची रेषा तपासतो आणि रिमचा आऊट काढल्याखेरीज गाडी हातातून सोडत नाही.

एवढ्या खटाटोपातून मिळते काय? रुंद टायरने जमिनीची पकड त्याच प्रमाणात वाढते, ही समजूत फारशी खरी नाही. मागच्या चाकावर १२० किलो भार असेल आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो असेल, तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे ६० चौरस सेंटिमीटरच राहणार. टायर रुंद केल्याने त्या भागाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. उलट वळणावर त्याच वेगासाठी गाडी अधिक कलवावी लागते, चाक जड होते आणि पेट्रोलही थोडे अधिक जळते. बावीस-तेवीस अश्वशक्तीहूनही कमी ताकदीच्या इंजिनाला या टायरची गरज नाही. ती गरज जाहिरातींनी निर्माण केली आहे.

म्हणून बंदी योग्यच, असे म्हणून मात्र आपल्याला मोकळे होता येणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम २००० साली बदलले गेले. त्या दुरुस्तीच्या उद्देशांत अधिक क्षमतेचे टायर बसवण्याचा स्पष्ट उल्लेख होता. रोख बहुधा जादा माल लादणाऱ्या ट्रकांवर असावा; पण कलम सर्वांनाच लागू झाले. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आणि ज्या बदलाने वाहनाचे 'मूलभूत लक्षण' बदलते तोच बदल, अशी कायद्याची व्याख्या! मागचे चाक हे मूलभूत लक्षण की नव्हे, याचा निवाडा प्रत्यक्षात चौकातल्या हवालदाराच्या मर्जीवर येऊन ठेपतो. त्या मर्जीचा भाव काय असतो, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

याच कलमात आणखी एक गंमत आहे. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहनांच्या मालकास त्याच बनावटीचे इंजिन बदलताना दर वेळी नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागू नये, अशी सवलत राज्य सरकार देऊ शकते. ज्याच्याजवळ दहा गाड्या आहेत तो विश्वासार्ह. एकाच गाडीचा मालक मात्र संशयित.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मला मिस्त्रीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. बुलेट १९५५ पासून मद्रासला बांधली जाऊ लागली आणि पुढे सुमारे अर्धशतक तिची मूळ रचना फारशी बदलली नाही. परवाना-पद्धतीत स्पर्धा नव्हती, कारखानदार सुस्तावले, हे खरेच. पण त्या सुस्तीचे एक फळ असे की, सुटे भाग एकमेकांना चालत राहिले आणि दुरुस्तीचे ज्ञान कारखान्याबाहेर पसरले. पुण्याच्या नाना पेठेत आणि दिल्लीच्या करोल बागेत त्याची बाजारपेठ उभी राहिली. हे ज्ञान कोणत्याही पदविकेत मोजले गेलेले नाही. कायदा उत्पादकाचा तपशील तेवढा प्रमाण मानतो, तेव्हा हे ज्ञान एकतर नष्ट होते किंवा चोरून वापरले जाते. चोरून केलेले काम कोणी तपासत नाही. वाकड्या बसलेल्या चाकाचा धोका मग मालकाइतकाच रस्त्यावरून चालणाऱ्या माणसालाही भोगावा लागतो.

सीएनजी संच बसवण्यास परवानगी मिळते, अपंगांसाठी वाहन बदलून घेता येते. म्हणजे तपासून मान्यता देण्याची पद्धत शासनाला अपरिचित नाही. कोणत्या गाडीला किती रुंदीची रिम व टायर चालेल याचे तक्ते प्रसिद्ध करावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मिस्त्रींची परीक्षा घेऊन त्यांना चाकबांधणीचे प्रमाणपत्र द्यावे, आणि बदललेली गाडी अल्प शुल्कात तपासून तशी नोंद पुस्तकात करून द्यावी. १३० चा टायर त्या तक्त्यात बसणार नाही, असा माझा अंदाज आहे. ९० किंवा १०० चा बहुधा बसेल.