रेकॉर्ड वाजवण्यासाठी काढा : नव्या जंगल-ब्रेकबीट रेकॉर्ड्सबाबत मागणीपत्र

प्रति,
जंगल, ब्रेकबीट आणि बास संगीताच्या रेकॉर्ड्स काढणारी लेबले, त्या छापणारे कारखाने, वितरक आणि दुकानदार यांस,

आम्ही लंडन, ब्रिस्टल, लेस्टर या भागांत राहणारे, घरी मराठी बोलणारे आणि शनिवारी रात्री भाड्याच्या हॉलमध्ये टर्नटेबले मांडणारे लोक, एका संघटनेचे सभासद आहोत. काही डीजे, काही नुसते घेणारे-ऐकणारे, तर दोघे-तिघे स्वतःचे छोटे लेबल चालवणारे. म्हणजे खालच्या काही मागण्या आमच्याच माणसांच्या गळ्यात पडणार आहेत. आमचे म्हणणे एवढेच की बारा इंची रेकॉर्ड ही वाजवायची वस्तू आहे, आणि ती वाजवणाऱ्याच्या हाती पडेल अशा रीतीने काढली जावी.

पूर्वी तशीच निघत असे. नव्वदच्या दशकात निर्माता आपली टेप घेऊन उत्तर लंडनच्या म्युझिक हाउसमध्ये जाई, ॲसिटेटची डबप्लेट कापून घेई आणि त्याच रात्री ती क्लबमध्ये वाजे. पन्नासेक वेळा लावली की ती झिजून जाई, पण तोवर काम झालेले असे. गर्दीने ‘रिवाइंड’चा गिल्ला केला तर पांढऱ्या लेबलाच्या काही प्रती, मग रीतसर आवृत्ती. रॉमफर्डच्या बूगी टाइम्स या दुकानातून सबर्बन बेस हे लेबल उभे राहिले ते याच वाटेने. होक्स्टन स्क्वेअरच्या ब्लू नोट क्लबमध्ये रविवारी मेटलहेड्झची आणि सोमवारी तलविन सिंग यांची ‘अनोखा’ ही क्लबरात्र चाले. तबला आणि ब्रेकबीट एका अंगाने चालू शकतात हे आमच्यातल्या थोरल्यांना तिथेच कळले.

आज टिम रीपर यांचे फ्यूचर रेट्रो लंडन, ब्रिस्टलचे वेस्टर्न लोर, रप्चर, ओव्हर/शॅडो अशी लेबले नवे संगीत रेकॉर्डवर काढत आहेत. २०२४ मध्ये टिम रीपर आणि क्लोक यांचा ‘इन फुल इफेक्ट’ हा अल्बम हायपरडबने काढला. तेव्हा हा सगळा जुन्या आठवणींचा बाजार आहे, असे म्हणणाऱ्यांकडे आम्ही लक्ष देत नाही. रेकॉर्ड्स निघतात याचा आनंदच आहे. तक्रार आहे ती निघण्याच्या रीतीची.

पहिली मागणी प्रतींची. दोनशे-तीनशे प्रती निघतात, शुक्रवारी सकाळी विक्री उघडते, चहा होईपर्यंत संपते आणि आठवडाभरात त्याच रेकॉर्ड्स डिस्कॉग्ज या विक्री-संकेतस्थळावर तिप्पट भावाने दिसू लागतात. लेबलवाल्यांची अडचण आम्हांला ठाऊक आहे. लॅकरची मूळ चकती कापणे, त्यावर धातूचा मुलामा चढवणे, स्टँपर म्हणजे छपाईचा साचा बनवणे हा खर्च तीनशे प्रतींना लागतो तेवढाच हजार प्रतींना लागतो, आणि न खपलेल्या खोक्यांसोबत संसार करावा लागतो. त्यात ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. लॅकर चकत्यांसाठी जग जपानच्या एका कंपनीवर येऊन ठेपले. पाठोपाठ कोविड आला आणि छपाईच्या रांगा महिनोन्‌महिने लांबल्या. हे सगळे खरे. पण एकदा बनवलेला स्टँपर दोनशे प्रतींत संपत नाही. धातूचे साचे जपून ठेवले तर दुसऱ्या छपाईला पुन्हा कापणीचा खर्च पडत नाही. म्हणून लेबलांनी प्रतींचा आकडा आधी जाहीर करावा, पहिल्या दिवशी माणशी एकच प्रत द्यावी, प्रतीक्षायादी ठेवावी आणि यादीत शंभर नावे जमली की पुन्हा छापावे. पुन्हा छापायचेच नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ‘मर्यादित आवृत्ती’चा शिक्का मारून वर्षभराने तीच रेकॉर्ड नव्या रंगात काढणे ही लबाडी आहे.

दुसरी मागणी आवाजाची, आणि आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाची. या संगीताचा जीव खालच्या बासमध्ये आणि वरच्या झांजांमध्ये आहे, आणि रेकॉर्डच्या खाचेला नेमक्या याच दोन गोष्टी जड जातात. बास डाव्या-उजव्या बाजूंत पसरलेला असला की खाच वरखाली होते आणि सुई उडते. तो मध्यावर, मोनोत आणावा लागतो. झांजांचे दुखणे वेगळे. रेकॉर्डच्या कडेला सुई एका फेरीत जेवढी खाच कापते तेवढी लेबलाजवळ कापत नाही, म्हणून तिथे बारीक आवाज फाटतो. एका बाजूला तीन-तीन ट्रॅक कोंबले की तिसऱ्यातला ‘एमेन’ ब्रेक (ड्रमचा तुकडा; त्याची गोष्ट पुढे) झांजेसारखा न वाजता तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरतो. पैसे दोन रेकॉर्डांचे वाचतात, पण वाजवण्याजोगा एकही ट्रॅक उरत नाही.

तेव्हा डान्सफ्लोअरसाठी असलेली रेकॉर्ड शक्यतो एका बाजूला एक ट्रॅक, ४५च्या वेगाने कापावी. ३३वर दोन घालायचे तर बाजू बारा मिनिटांच्या पुढे नेऊ नये. कापणाऱ्या इंजिनियरचे नाव लेबलावर छापावे. चाचणी प्रत घरच्या स्पीकरवर ऐकून मंजूर करू नये, मोठ्या साउंड सिस्टिमवर एकदा तरी लावावी. मधले भोक केंद्रापासून जरा जरी सरकले असले तर लांबवलेले सूर हेलकावे खातात आणि १६५च्या लयीत दुसऱ्या रेकॉर्डशी ताल जुळवताना घाम फुटतो. अशी प्रत कारखान्याने वाद न घालता बदलून द्यावी. रंगीत, शिंतोड्यांच्या रेकॉर्ड्स खुशाल काढा, पण काळी प्रत मिळालीच पाहिजे आणि ती स्वस्त असली पाहिजे. १८० ग्रॅमचा जाडपणा मिरवू नका. जाडीने आवाज सुधारत नाही, टपालखर्च तेवढा वाढतो.

तिसरी मागणी जरा अवघड आहे. विन्स्टन्सच्या ‘एमेन, ब्रदर’ या १९६९च्या गाण्यातली सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा, म्हणजे ब्रेक, ही जंगलची अर्धी इमारत. तो वाजवणारे ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेले. त्यांना या वापराचे पैसे कधी मिळाले नाहीत. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये ब्रिटिश डीजेंनी वर्गणी काढली आणि सुमारे २४,००० पौंड जमले. चांगले झाले, पण वर्गणी हा हक्क नव्हे. लेबलावर ब्रेकचे आणि ढोलवादकाचे नाव छापा, असे आम्ही म्हणतो तेव्हा लेबलवाले विचारतात, “म्हणजे वकिलाची नोटीस स्वतःच्या हाताने मागवायची का?” प्रश्न रास्त आहे. गाण्याच्या रचनेसाठी एमसीपीएस ही संस्था प्रतींच्या घाऊक किमतीवर ठरावीक टक्के आकारून परवाना देते. जुन्या ध्वनिमुद्रणातल्या तुकड्यांसाठीही पाचशे प्रतींपर्यंत असाच सोपा, ठरलेल्या दराचा परवाना असावा, अशी आमची हक्कधारकांकडे मागणी आहे. तो येईपर्यंत लेबलांनी निदान आपल्या मिळकतीतला एक वाटा वेगळा काढून ठेवावा.

टपाल आणि सीमाशुल्काबद्दल थोडक्यात. रेकॉर्ड अनेकदा छापली जाते चेकियात किंवा जर्मनीत, येते ब्रिटनमध्ये आणि पुन्हा बर्लिनच्या गिऱ्हाइकाकडे जाते. ब्रेक्झिटमुळे १ जानेवारी २०२१पासून या प्रत्येक फेरीला कागदपत्रे लागतात. १ जुलै २०२१पासून युरोपीय संघात २२ युरोंपर्यंतच्या पार्सलांची करसवलतही गेली. वितरकांनी युरोपातल्या प्रती युरोपातच ठेवाव्यात आणि दुकानांनी करासह अंतिम किंमत आधी दाखवावी. पुण्या-मुंबईच्या मित्रांना एकच रेकॉर्ड पाठवायची तर टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीला भिडतो. तिथल्या मागण्या महिन्यातून एकदा एकत्र पाठवण्याची सोय करावी. आणि रेकॉर्डसोबत डिजिटल प्रत द्याल ती डब्ल्यूएव्हीमध्ये द्या, एमपी३मध्ये नको.

आमच्या बाजूने आम्ही बांधून घेतो ते असे. पहिल्या दोन मागण्या मान्य करणाऱ्या लेबलाच्या प्रत्येक नव्या रेकॉर्डच्या काही प्रती संघटना आगाऊ पैसे भरून घेईल. नवी रेकॉर्ड वर्षाच्या आत मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकणाऱ्या सभासदाचे नाव सभासदयादीतून कमी केले जाईल. आमच्यातल्या लेबलवाल्यांनी या अटी आपल्या पुढच्या छपाईपासूनच पाळायच्या आहेत; त्यांतल्या एकाची कुरकुर अजून चालू आहे. तीन महिन्यांत लेखी उत्तर मिळावे, नकार असला तरी कारणासह.

कळावे,
संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने